जांभळं कडं

साखर कारखान्यात सगळी धडपड साखरेसाठीच चालते. पण एक जागा अशी आहे की तिथं साखरेचा अंश जरी दिसला तरी जाणत्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ती जागा म्हणजे बॉयलरचं पाणी.

उसाचा रस आटवायला इव्हॅपोरेटरच्या मोठमोठ्या बॉड्या असतात. आतल्या उभ्या नळ्यांमधून रस उकळतो आणि नळ्यांच्या बाहेरून वाफ फिरते. वाफ थंडावली की तिचं पाणी होतं. त्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात. ते गरम आणि शुद्ध असल्यानं पुन्हा बॉयलरला दिलं जातं. एखाद्या नळीला बारीक छिद्र पडलं, त्यातच मिल थांबून वाफेचा दाब उतरला, की रस छिद्रातून झिरपतो आणि या पाण्याबरोबर बॉयलरची वाट धरतो. बॉयलरच्या उष्णतेत साखरेची आम्लं होतात, पाण्याला फेस येतो, नळ्यांच्या आतून काळा थर धरतो. थरामुळं पाणी पोलादाला भिडत नाही, पोलाद तापत जातं आणि एके दिवशी नळी फुटते.

म्हणून लॅबमधला शिफ्ट केमिस्ट तासातासाला हे पाणी तपासतो. परीक्षानळीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात अल्फा नॅफ्थॉलचे काही थेंब टाकायचे, मग नळी तिरकी धरून कडेकडेनं तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. दोन थर जिथं भेटतात तिथं जांभळं कडं उमटलं तर पाण्यात साखर आहे. हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाची ही जुनी, साधी परीक्षा. तिला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर जे बोलायचं असतं, ते मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.

कृष्णाकाठच्या एका सहकारी कारखान्याची ही गोष्ट. माणसांना मी नावं दिलेली नाहीत. वाचणाऱ्याला आपल्या कामावरची माणसं त्यांच्या जागी सहज बसवता येतील.

तिथं एक धाकटा केमिस्ट होता. कार्यक्षेत्रातल्याच गावचा, सभासद शेतकऱ्याचा मुलगा, बी.एस्सी. करून लॅबमध्ये लागलेला. हात सफाईचा, अक्षर नेटकं, नोंदवही आरशासारखी. आणि तिथं एक चीफ इंजिनिअर होते. मिलच्या गडगडाटात वर्षानुवर्षं बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला. गाळप थांबलं की त्यांना जेवण जात नसे. नवी पोरं त्यांना बिचकून असत, आणि आपल्याला कुणी बिचकतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रात्री गव्हाणीची साखळी तुटली आणि मिल पाऊण तास थांबली. पुन्हा सुरू झाल्यावर घेतलेल्या पहिल्याच नमुन्यात फिकट जांभळं कडं उमटलं. धाकट्यानं बॉयलर हाऊसला फोन लावला.

"सॉरी सर, डिस्टर्ब करतोय. कंडेन्सेटमध्ये जरा ट्रेस असावा असं वाटतंय. बहुतेक. मी परत एकदा बघतो."

"बघ आणि कळव," चीफसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. साखळी तुटल्यानं ते आधीच वैतागलेले होते.

दुसऱ्या नमुन्यात कडं गडद आलं. धाकट्याचा हात फोनकडे गेला आणि थांबला. आत्ताच त्यांना त्रास दिला, पुन्हा कसा द्यायचा? त्यानं नोंदवहीत निकाल लिहिला, वेळ टाकली, सही केली. एक चिठ्ठी लिहून लॅब बॉयबरोबर पाठवली. ती पॅनलच्या टेबलावर पोचली आणि कागदांच्या गठ्ठ्यात मिसळून गेली.

पहाटे बॉयलरच्या पाण्याला करपलेल्या साखरेचा वास यायला लागला. पाणी सोडून दिलं, रसायनं वाढवली, दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी नळी फुटली. समोर कुणी नव्हतं, म्हणून माणसं वाचली.

फुटलेला बॉयलर लगेच उघडता येत नाही. तो निवावा लागतो, मग माणसं आत उतरतात, नळ्या बदलतात, पाण्याचा दाब देऊन तपासणी होते, आणि मगच पुन्हा जाळ घालता येतो. तोवर कारखाना बंद. यार्डात गाड्यांची रांग लागली. बैल उसाचं वाडं चघळत उभे राहिले. बीडकडून आलेल्या टोळ्या खोपटांसमोर बसून राहिल्या, कारण त्यांची मजुरी टनावर असते आणि तोडच थांबली होती. तोडलेला ऊस ताटकळला की वाळतो, वजनात घटतो, त्यातली साखरही उतरते. त्या रांगेत धाकट्याच्या वडिलांच्याही दोन गाड्या होत्या.

मग चौकशी झाली. चीफसाहेब म्हणाले, "मला कुणीही स्पष्ट सांगितलं नाही." धाकटा म्हणाला, "मी फोन केला होता, नोंद आहे, चिठ्ठीही पाठवली होती." दोघंही खरं बोलत होते. कार्यकारी संचालकांनी नोंदवही पाहिली आणि धाकट्याला सांगितलं, "तुझी नोंद वेळेवर आहे. तुझ्यावर काही येत नाही."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हायसं वाटलं असतं. हा मात्र घरी गेला आणि जेवायला बसला, तेव्हा वडील म्हणाले, "काट्यावर वजन लई कमी भरलं रं. तीन दिवस उन्हात ऊस. तुमच्या कारखान्याला झालं तरी काय?"

"बॉयलर बिघडला, आबा," एवढंच तो म्हणाला. घास पुढं जाईना. आपल्याला त्या रात्री दोन वाजता हे ठाऊक होतं, ही गोष्ट त्या ताटासमोर त्याच्यानं सांगवली नाही.

आपल्याकडं घरोघरी मुलांना मान द्यायला शिकवतात, आणि ते चांगलंच करतात. पण त्याच्या जोडीला एक चुकीची गोष्ट नकळत शिकवली जाते: मोठ्यापुढं मान द्यायचा म्हणजे आवाज खाली आणि वाक्य अर्धं. मूल मोठं होऊन कामाला लागतं, त्याच्या हातात कधी बॉयलर येतो, कधी रोग्याची नाडी, कधी पुलाचा नकाशा, आणि तोंडात मात्र तेच अर्धं वाक्य असतं. मला हे फार गंभीर वाटतं. बुद्धी, शिक्षण, प्रामाणिकपणा सगळं असून माणूस ऐन वेळी निरुपयोगी ठरतो, ते अशानं.

कारखान्याच्या गेटवर सुरक्षा अधिकारी होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. आयुष्य विमानांच्या इंजिनांवर काम करण्यात गेलेलं. आपल्या भागात लष्करातून आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, तसे यांनाही म्हणत. रात्रपाळी संपवून धाकटा त्यांच्या केबिनमध्ये चहाला थांबायचा. एका सकाळी त्यानं सगळं त्यांच्यापुढं ओतलं आणि शेवटी विचारलं, "माझं काय चुकलं, मेजर? मी सांगितलं तर होतं."

मेजरनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी एक विमान सांगितलं.

28 डिसेंबर 1978. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं उड्डाण, डीसी-8 जातीचं मोठं विमान, अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरायच्या बेतात. आत 189 माणसं. चाकं खाली सोडताना मोठा आवाज झाला आणि चाकं नीट अडकल्याची खूण मिळेना. कॅप्टन अनुभवी. त्यानं विमान विमानतळाच्या आसपास घिरट्या घालत ठेवलं. चाकांची चाचपणी आणि प्रवाशांची तयारी चालू झाली. यात तासभर गेला. इंधन संपत आलं होतं. शेजारचा वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर यांना ते दिसत होतं, आणि ते इंधनाबद्दल बोलतही होते. पण 'आता उतरलो नाही तर पडू' असं सरळ वाक्य वेळेवर कुणाच्या तोंडून निघालं नाही. कॅप्टनचं सगळं चित्त चाकांत होतं. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडं वस्तीत कोसळलं. 10 माणसं गेली. त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

"चौकशीत दोष कॅप्टनवर आला," मेजर म्हणाले. "इंधनाकडं लक्ष दिलं नाही, सहकाऱ्यांच्या बोलण्याला प्रतिसाद दिला नाही. पण अहवालात पुढंही लिहिलंय, की बाकीच्या दोघांना एकतर धोका किती आहे ते पुरतं उमगलं नाही, किंवा कॅप्टनला पटवता आलं नाही. काय कळलं तुला? बोलले होते ते. तुझ्यासारखेच."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. असे बरेच अपघात तपासल्यावर विमानवाल्यांना दिसलं की यंत्र ठीक असतं, माणसंही हुशार असतात, घात होतो तो त्यांच्यातल्या बोलण्यात. 1979 मध्ये नासानं यावर परिषद घेतली. 1981 पासून युनायटेडनं आपल्या वैमानिकांना हेच शिकवायला सुरुवात केली: कनिष्ठानं कसं सांगायचं आणि वरिष्ठानं कसं ऐकायचं. पुढं जगभरच्या विमान कंपन्यांनी ते घेतलं.

"मग काय शिकवतात?" धाकट्यानं विचारलं.

"आधी माणसाला हाक मार, त्याचं लक्ष तुझ्याकडं आलंय याची खात्री कर. काय दिसलं ते सांग. त्यानं काय होईल ते सांग. काय करायला हवं ते तूच सांग. आणि शेवटी त्याचं उत्तर माग. उत्तर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. तू उत्तर मागितलंस का?"

"नाही. मीच म्हणालो, परत बघतो."

"म्हणजे काळजी करायचं काम तू स्वतःच्याच हातानं परत घेतलंस. साहेब कशाला घाबरतील?"

त्या दिवसापासून केबिनमध्ये शिकवणी सुरू झाली. मेजर चीफसाहेब व्हायचे आणि धाकटा स्वतः. पहिल्या दिवशी त्यानं 'सॉरी सर' म्हणून सुरुवात केली. मेजरनी टेबलावर हात आपटला. "कशाबद्दल सॉरी? बॉयलर वाचवतोयस म्हणून?" दुसऱ्या दिवशी 'जरा', 'बहुतेक', 'असं वाटतंय' हे शब्द निघाले की मेजर पुढचं ऐकायचेच नाहीत. खिडकीबाहेर ट्रॅक्टर मोजत बसायचे. मग धाकट्याला चीड आली आणि तो एकदम म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही ऐकलं नाही म्हणून एवढं नुकसान झालं!" मेजर शांतपणे म्हणाले, "हे खरं असेल. पण आता साहेब मागच्या वेळेचं भांडतील आणि पाणी बॉयलरला जात राहील. आत्ताच्या नळीतलं बोल."

फटकळ बोलणं आणि स्पष्ट बोलणं यांतला फरक तो इथं शिकला. फटकळ माणूस आपल्या मनातला राग मोकळा करतो. स्पष्ट माणसाला समोरच्याच्या हातून काहीतरी घडवून आणायचं असतं, म्हणून तो समोरच्याला ऐकता येईल असंच बोलतो. मान दोघांनीही ठेवला तरी आणि नाही ठेवला तरी, हा फरक उरतोच. धाकट्यानं 'साहेब' म्हणणं कधी सोडलं नाही, आणि सोडायचं कारणही नव्हतं.

एवढं झाल्यावर मेजर म्हणाले, "आता निम्मं आलं."

"निम्मं?"

"तुला तुझं सांगता येतंय. त्यांचं काय? बॉयलरचं पाणी तोडायचं म्हटल्यावर त्यांच्या पोटात कशाची भीती उठते, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. मग तो दोन-तीन दिवस पाळी संपल्यावर घरी न जाता बॉयलर हाऊसमध्ये घुटमळत राहिला. अटेंडंट मामांना चहा नेऊन दिला, चार प्रश्न विचारले. तेव्हा त्याला जे दिसलं ते लॅबच्या खिडकीतून कधीच दिसलं नव्हतं. कंडेन्सेट वळवलं की त्याच्या जागी शुद्ध केलेलं पाणी द्यावं लागतं, आणि ते तयार करणारं संयंत्र लहान होतं. टाकी भरलेली असली तरी पूर्ण भाराला ती काही तासांतच आटायची. पाणी कमी पडलं तर बॉयलरवर दुसरंच संकट. शिवाय कारखाना जादा वीज ग्रिडला देत होता. वाफ घटली की वीज घटणार आणि त्याचा जाब येणार. दर दोन तासांनी वरून फोन यायचा: गाळप किती झालं? चीफसाहेबांच्या आवाजाचं मूळ त्याला तिथं सापडलं. त्यांच्याकडं जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात अडचण असायची आणि उपाय मात्र त्यांनीच शोधायचा असायचा.

त्यानं वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. टाकीत पाणी किती, संयंत्र तासाला किती देतं, गाळप किती उतरवलं तर ते किती वेळ पुरेल. आकडे मामांकडून तपासून घेतले. हे पान त्याला कुणी मागितलेलं नव्हतं. अवघड बोलण्याची तयारी म्हणजे शब्दांची तयारी असं आपण धरून चालतो. माझ्या मते या पोराची खरी तयारी त्या पानावर झाली.

फेब्रुवारीच्या शेवटी हंगाम ऐन भरात आला. चेअरमनसाहेबांच्या मनात त्या वर्षी आजवरच्या सगळ्यांत मोठ्या गाळपाचा आकडा होता. सकाळी संचालक मंडळ कारखान्यावर येणार, म्हणून रात्री चीफसाहेब स्वतः हजर होते आणि कार्यकारी संचालकही फेरी मारत होते. दीडच्या नमुन्यात कडं उमटलं. फिकट नव्हतं. धाकट्यानं दुसरा नमुना स्वतः जाऊन काढून आणला. तेच. बॉयलरच्या पाण्याचा नमुना तपासला, तो अजून स्वच्छ होता.

फोन न करता तो चालत गेला. पॅनलपाशी चीफसाहेब कार्यकारी संचालकांना काहीतरी दाखवत होते. संचालकांच्या देखत बोलणं सोपं होतं, पण त्यानं चीफसाहेबांना तिथंच कोपऱ्यात गाठल्यासारखं झालं असतं. तो थोडा पुढं झाला.

"साहेब, बॉयलरचं आहे, आत्ताचं आहे. एक मिनिट इकडं येता?"

'आत्ताचं' या शब्दावर चीफसाहेबांनी वळून पाहिलं. दोघं जिन्याजवळ आले.

"पहिल्या बॉडीच्या कंडेन्सेटात साखर आहे. दोन वेगळे नमुने तपासले, दोन्हींत गडद रिंग आहे. बॉयलरच्या पाण्यात अजून पोचलेली नाही. पाणी चालू ठेवलं तर पोचणार, डिसेंबरात पोचली तशी. हे पाणी आत्ता प्रोसेसच्या टाकीकडं वळवा, अशी माझी विनंती आहे. वळवू या का, साहेब?"

"वळवू या का!" चीफसाहेबांचा आवाज चढला. "आणि बॉयलरला काय पाजू? सकाळी अख्खं बोर्ड येतंय इथं."

धाकट्याच्या मानेवर घाम आला. केबिनमध्ये मेजर ओरडायचे, पण तिथं काही पणाला लागलेलं नव्हतं. त्यानं आवंढा गिळला आणि विचारलं, "अडचण पाण्याची आहे, की आणखी काही आहे, साहेब?"

चीफसाहेब क्षणभर गप्प झाले. असा प्रश्न त्यांना फारसा कुणी विचारलेला नसावा. "पाण्याचीच. दुसरं मी निस्तरीन. पाणी सकाळपर्यंत पुरणार नाही."

त्यानं वही पुढं केली. "गाळप तिसऱ्या हिश्श्यानं उतरवलं तर पुरतं. टाकी आत्ता भरलेली आहे, येताना बघून आलोय. हिशेब मामांनी तपासलाय."

चीफसाहेबांनी पान दिव्याखाली धरलं. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे जरा जास्त धरलंस. एवढं मिळत नाही रात्री." मग पुन्हा वाचलं. "असं करू. अर्धा तास थांबू. तू पुन्हा टेस्ट कर, मग बघू."

डिसेंबरात इथंच ते बोलणं संपलं असतं. या वेळी धाकटा जागचा हलला नाही.

"टेस्ट करतो, साहेब. पण पाणी आधी वळवून करू. निकाल स्वच्छ आला तर आपलं अर्ध्या तासाचं थोडं गाळप गेलं, आणि चूक माझी, तशी मी लिहून देतो. निकाल खराब आला आणि पाणी चालूच असलं, तर बॉयलर गेला."

चीफसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग वळून पॅनलवरच्या माणसाला मोठ्यांदा सांगितलं, "पहिल्या बॉडीचं पाणी तोडा. प्रोसेसला टाका. मिलला सांगा, लोड उतरवा."

अर्ध्या तासानं नळीत कडं तसंच गडद होतं. पहाटे ती बॉडी बाजूला काढली, दाब देऊन पाहिली. गळणाऱ्या नळ्या सापडल्या आणि त्यांची तोंडं बंद केली. बॉयलरचं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं.

पण त्या रात्री आणखी एक बोलणं झालं, आणि ते धाकट्यानं फक्त ऐकलं. गाळप उतरवल्याचं चेअरमनसाहेबांना कळवायला हवं होतं. कार्यकारी संचालक म्हणाले, सकाळी सांगू. चीफसाहेब म्हणाले, "सकाळी त्यांना आकडा कळेल, कारण कळणार नाही." आणि त्यांनी रात्री अडीच वाजता फोन लावला. "साहेब, उठवलं. कंडेन्सेटात साखर आली. पाणी तोडलंय आणि गाळप तिसऱ्या हिश्श्यानं खाली आणलंय. डिसेंबरासारखं होऊ नये म्हणून माझ्या जबाबदारीवर केलंय. उद्या दुपारपर्यंत पूर्ववत होईल. तुमची काही हरकत असेल तर आत्ता सांगा." पलीकडून चेअरमनसाहेब बराच वेळ चिडून बोलत होते, हे बाजूच्यांनाही कळत होतं. चीफसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त म्हणाले, "होय, आकडा चुकेल. बॉयलर चुकणार नाही."

विक्रम त्या वर्षी झाला नाही. कुणी त्या पोराचा सत्कार केला नाही. सकाळच्या बैठकीत एका संचालकांनी "रात्री गाळप कुणी उतरवलं?" असं तिखटपणे विचारलंच, आणि चीफसाहेब "मी" म्हणाले. आठवड्याभरानं बॉयलर हाऊसमध्ये एक सूचना लागली: पाण्यात साखर आढळल्यास शिफ्ट केमिस्टनं सांगताच पाणी वळवावं, विचारणा नंतर करावी. खाली चीफ इंजिनिअरची सही. मेजरनी ती सूचना चष्मा लावून दोनदा वाचली.

मला स्वतःला या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते ती ही सूचना. कनिष्ठाला धीर देणं हे मेजरचं काम होतं, ते त्यांनी केलं. पण प्रत्येक वेळी कुणा पोरानं जिवाचा हिय्या करूनच बोलावं, अशी व्यवस्था ठेवणं हा त्या पोरावर अन्याय असतो. सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडं असतो, त्याला तो हिय्या एका कागदानं सोपा करून देता येतो. चीफसाहेबांनी तो दिला.

गावात मात्र बातमी वेगळीच पोचली होती. पारावर लोक म्हणत होते की अमक्याच्या पोरानं रात्रीत कारखाना ढिला केला, म्हणून गाड्या तुंबल्या. आबांनी ते ऐकलं. संध्याकाळी दोघं बांधावर असताना त्यांनी विचारलं, "खरं हाय का रं?"

"खरं आहे, आबा. मीच सांगितलं." त्यानं सगळं सांगितलं: पाणी, साखर, नळ्या. आबा ऐकत होते. बोलणं तिथं थांबवता आलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "आणखी एक आहे. डिसेंबरात आपला ऊस वाळला, तेव्हाही मला आधी कळलं होतं. मी साहेबांना नीट सांगितलं नाही. भ्यालो. तुम्हांला त्या दिवशी बोललो नाही, ते आज सांगतोय."

आबांनी खुरपं बाजूला ठेवलं. जरा वेळानं म्हणाले, "दोन गाड्यांचं नुस्कान झालं आपलं. टोळीवाल्यांचं तर लई." ते रागावले होते, आणि त्यांनी राग लपवला नाही. मग म्हणाले, "आता नीट सांगाय येतंय म्हणतूस?"

"थोडं येतंय."

"मग येक काम कर. बॉयलर चालू असला तरी आमच्या गाड्या यार्डात दिसभर उभ्या ऱ्हातात. वशिल्याच्या गाड्या मधनंच आत जात्यात. शेतकी अधिकाऱ्याला कोन बोलत न्हाई, पुढच्या साली तोड लांबवील म्हून. तुझ्या लॅबात कळत आसंल की, शिळ्या उसानं साखर किती जाती ते. ते सांग जा त्येला."

शेतकी अधिकाऱ्याशी बोलणं चीफसाहेबांशी बोलण्याहून अवघड होतं. इथं वशिल्याचा प्रश्न होता, आणि बोलणाऱ्याच्या बापाचा ऊस त्याच माणसाच्या तोडणी कार्यक्रमावर अवलंबून होता. धाकट्यानं घाई केली नाही. पंधरवडाभर त्यानं यार्डात थांबलेल्या गाड्यांची आत यायची वेळ आणि काट्यावर जायची वेळ उतरवून घेतली. ताज्या आणि शिळ्या उसाच्या रसाची शुद्धता शेजारी शेजारी मांडली. त्यात आपल्या वडिलांच्या गाड्या त्यानं मुद्दाम घेतल्या नाहीत. चीफ केमिस्टना आधी सांगितलं की मी हे घेऊन जाणार आहे. शेतकी अधिकाऱ्यांकडं माणसं कमी आहेत आणि टोकन द्यायला रात्री कुणीच नसतं, हेही त्यानं चौकशी करून ठेवलं.

मग एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, दहा मिनिटं हवीत. यार्डातल्या गाड्यांचं आहे. मी सभासदाचा मुलगा आहे, हे आधीच सांगतो. ऊस ताटकळल्यानं आपल्या कारखान्याची साखर जातेय, तिचे आकडे आणलेत. रात्रीच्या टोकनाला माणूस मिळाला तर यातलं बरंच थांबेल, असं मला दिसतंय. त्या माणसासाठी मी लॅबकडून लेखी द्यायला तयार आहे. आणि काही गाड्या रांग सोडून आत जातात, त्यांच्याही वेळा यात आहेत. आत्ता बोलू या का?"

शेतकी अधिकारी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

"दार लाव," ते म्हणाले, "आणि त्या रांग सोडून जाणाऱ्या गाड्यांचं पान आधी दाखव."